घासाघासाचा हिशेब

श्रोतेहो, रेल्वेच्या फलाटावर उभें असलेलें वजनाचें यंत्र आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. त्याचे रंगीत दिवे लुकलुकत, कांचेआड एक चक्र गरगर फिरे, आणि फटींत नाणें टाकलें कीं यंत्राच्या पोटांत खडखड होऊन खालच्या खोबणींत जाड पुठ्ठ्याचें एक तिकीट पडे. त्याच्या एका बाजूस वजनाचा आंकडा आणि दुसऱ्या बाजूस भविष्य! माणसें बहुधा आधीं भविष्य वाचीत. आंकडा पाहून कोणी खिन्न झाल्याचें मला तरी आठवत नाहीं. उलट, आजारांतून उठलेल्या मुलाचें वजन थोडें वाढलें असलें तर त्याची आई तें तिकीट पदराला बांधून घरीं नेई आणि देवाजवळ ठेवी.

ज्या घरांत हें तिकीट जपून ठेवलें जाई, त्याच घरांत आज घास तोंडांत घालण्यापूर्वीं त्याचा हिशेब करणारीं माणसें दिसूं लागलीं आहेत. वजनाचा आंकडा जुनाच आहे. धान्याप्रमाणें माणूसही कांट्यावर चढूं शकतो हें कळावयास फारसें शास्त्र लागत नाहीं. परंतु घासाला आंकडा चिकटला तो अलीकडे. या आंकड्यांची अगदीं पुढची पायरी म्हणजे अमेरिकेंत गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेली गुणांची पद्धति. शाळेंतल्या गुणांची आपली सवय अशी कीं ते जितके अधिक तितकें बरें. येथले गुण मात्र मिळवावयाचे नसून खर्चावयाचे असतात. सकाळीं उठल्यावर माणसाच्या नांवें दिवसाचे ठराविक गुण जमा होतात. पावाच्या तुकड्याला इतके, लोण्याच्या चमच्याला इतके, असा प्रत्येक वस्तूचा भाव ठरलेला. रात्रीं निजतांना पाकीट रिकामें असलें तरी चालेल, पण उधारी होतां कामा नये. हा भाव कोणीं ठरविला, कशावरून ठरविला, आणि तो पुन्हां पुन्हां कां बदलला, ही आजची कथा आहे.

बारीक होण्याच्या खटपटीचा इतिहास सांगतांना लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थापासून आरंभ करण्याची प्रथा आहे. मोठमोठ्या घराण्यांतील अंत्यविधींची व्यवस्था पाहणें हा त्याचा धंदा. वयाच्या पासष्टीच्या सुमारास त्याची उंची पांच फूट पांच इंच आणि वजन २०२ पौंड झालें. वांकून बुटाचा बंद बांधतां येईना. जिना उतरावयाचा तर पाठमोरें उतरावें लागे. अखेर कानाच्या विकारांवर उपचार करणाऱ्या विल्यम हार्वे नांवाच्या शल्यवैद्यानें त्याचा पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे तोडले, आणि वजन उतरूं लागलें. १८६३ सालीं बँटिंगनें आपली हकीकत एका पुस्तिकेंत छापून फुकट वांटली. ती इतकी गाजली कीं त्याचें आडनांव इंग्रजींत क्रियापदासारखें वापरूं लागले. स्वीडिश भाषेंत तर पथ्य करून बारीक होण्याला आजही त्याच नांवावरून बनलेला शब्द आहे. पण आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच. कोणत्या वेळीं मांस किती औंस आणि टोस्ट किती औंस खावा, हें बँटिंग सांगतो. परंतु मांस आणि टोस्ट यांना एकाच पारड्यांत घालील असें माप त्याच्यापाशीं नव्हतें. कांहीं पदार्थ चालतात आणि कांहीं चालत नाहींत, एवढेंच त्याला ठाऊक. आपल्याकडच्या उपासाचें शास्त्रही असेंच: साबुदाणा चालतो, तांदूळ चालत नाहीं, किती, हा प्रश्नच निघत नाहीं. म्हणून तर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण निघाली.

सर्व अन्नाला एका मापांत बसविण्याची कल्पना मुळांत पथ्याची नव्हे, ती शेगडीची आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें लाव्हाझिए आणि लाप्लास यांनीं बर्फानें वेढलेल्या भांड्यांत एक गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उबेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें. श्वासोच्छ्वास म्हणजे मंद ज्वलन होय, असा त्यांचा निष्कर्ष. पुढें लाव्हाझिएचा राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९४ सालीं शिरच्छेद झाला. त्याची कल्पना मात्र जिवंत राहिली. अन्न हें सर्पण असेल तर त्याचीही धग मोजतां यावी. किलोभर पाण्याचें तपमान एका अंशानें चढविण्यास जेवढी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रांत उष्मांक म्हणतात.

हा उष्मांक ज्यानें प्रयोगशाळेंतून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणला, तो विल्बर ऑलिन ॲटवॉटर हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. जर्मनींत फोइट याच्याजवळ त्यानें आहाराच्या मोजमापाचे धडे घेतले, आणि मायदेशीं परतल्यावर कनेक्टिकट संस्थानांतील मिडलटाउन येथल्या वेस्लियन विद्यापीठांत एक अद्भुत पेटी बांधली. रोझा नांवाचा पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ त्याच्या मदतीस होता. पेटी सुमारें सात फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच. आंतल्या भिंती तांब्याच्या. तींत एक घडीचा बिछाना, खुर्ची, मेज आणि एक जिवंत माणूस! भिंतीलगतच्या नळ्यांतून थंड पाणी खेळवीत आणि त्या माणसाच्या अंगाची उष्णता त्या पाण्यानें किती वाहून नेली तें मोजीत. लहानशा खिडकींतून जेवण आंत सरकवावयाचें, तोलून. आणि शरीरानें जें जें टाकलें तेंही त्याच खिडकींतून बाहेर घ्यावयाचें, तेंही तोलून. १८९६ सालीं माणसांवरचे हे प्रयोग सुरू झाले. कधीं आंतल्या माणसास स्वस्थ पडून राहावयास सांगत, कधीं जागच्या जागीं असलेल्या सायकलीवर घाम गाळावयास लावीत. एकेक प्रयोग कित्येक दिवस चाले.

या खटाटोपांतून जें हातीं लागलें तें इतकें सोपें आहे कीं आजही खाऊच्या पाकिटावर छापलेला उष्मांकांचा आंकडा बहुधा त्याच्याच आधारें काढलेला असतो. प्रथिनांच्या एका ग्रॅमामागें ४ उष्मांक, पिष्टमय पदार्थांच्या ग्रॅमामागें ४, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमामागें ९. मद्यार्काच्या ग्रॅमामागें ७ असाही आंकडा निघाला, आणि त्यानें एक वादळ उठलें. मद्यापासूनही शरीराला शक्ति मिळते, असें ॲटवॉटरनें १८९९ सालीं सांगतांच दारूबंदीच्या चळवळींतील मंडळी त्याच्यावर तुटून पडली, आणि मद्यविक्रेत्यांनीं त्याचें नांव जाहिरातींना जोडलें. बिचारा स्वतः मद्यपानाचा पुरस्कर्ता नव्हता. आंकडा एकदां बाहेर पडला कीं तो कोणाच्या पदरांत जाऊन बसेल हें आंकडा काढणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं, हें त्याला तेव्हांच कळलें असावें.

ॲटवॉटरनें हा उद्योग कशासाठीं केला? कोणा स्थूल सावकाराला बारीक करण्यासाठीं खास नव्हे. त्या काळीं अमेरिकन मजुराच्या कमाईचा अर्धा किंवा त्याहूनही अधिक भाग पोट भरण्यांत जाई, आणि मजुरी वाढवून द्या म्हणून संपांवर संप होत. ॲटवॉटरचा प्रश्न असा कीं, हातांत असलेल्या पैशांत अधिकांत अधिक पोषण कसें घेतां येईल? त्यानें बाजारांतल्या जिनसांचीं कोष्टकें केलीं. त्यांत कणीक, वाल, बटाटे, मांसाचे स्वस्त तुकडे हे पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. पालेभाज्या आणि फळें नापास! पैसे पुष्कळ आणि उष्मांक थोडे, तेव्हां गरिबानें संत्र्यावर पैसा खर्चणें ही उधळपट्टी, असा त्या कोष्टकांचा रोख होता. जीवनसत्त्वांचा शोध तेव्हां लागलेला नव्हता. 'व्हिटॅमिन' हा शब्दच १९१२ चा, आणि ॲटवॉटर १९०७ सालीं वारला. त्यानें खोटें कांहींच मोजलें नाहीं. जें मोजतां येत होतें तेवढेंच किमतीचें, असें धरलें, इतकेंच. संत्र्याला मिळालेला हा नापासाचा शेरा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे.

येथून या आंकड्याला दोन वाटा फुटल्या. पहिली वाट आपल्या देशांतून गेली. दक्षिणेंत निलगिरींतल्या कुन्नूर येथील पोषण-संशोधनशाळेंत डॉ. ॲक्रॉइड आणि त्यांचे सहकारी यांनीं हिंदी अन्नपदार्थांचें पृथक्करण केलें, आणि १९३७ सालीं त्यांची कोष्टकें सरकारी पुस्तिकेच्या रूपानें प्रसिद्ध झालीं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूरडाळ यांच्या नांवांपुढें उष्मांक मांडलेले येथें पाहावयास मिळाले, तेही येथल्या माणसाला काय कमी पडतें तें कळावें म्हणून. पुढें १९७१ सालीं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्राध्यापक वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं दारिद्र्याची मोजणी केली, तेव्हां त्यांनींही हाच उष्मांक हातीं धरला. माणशीं दररोज २,२५० उष्मांक पोटांत पडण्याजोगा ज्याचा खर्च नाहीं तो दरिद्री, असें त्यांनीं धरलें. आणि १९६०-६१ च्या भावानें त्याला खेड्यांत माणशीं महिना १५ रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये लागतात, असा हिशेब मांडला. आमच्याकडे उष्मांकांची बेरीज झाली ती अशी, खालून वर. कोण कितीनें उणा आहे हें पाहण्यासाठीं.

दुसरी वाट त्याच्या पन्नासएक वर्षें आधींच लॉस एंजलिस शहरांतून निघाली होती. डॉ. लुलू हंट पीटर्स या तेथल्या एक वैद्यकीय पदवीधर बाई. त्यांचें स्वतःचें वजन एके काळीं २२० पौंडांपर्यंत चढलें होतें आणि त्यांतले सत्तर पौंड त्यांनीं उतरविले होते. १९१८ सालीं त्यांनीं आहार आणि आरोग्य या विषयावर उष्मांकांच्या किल्लीसह एक पुस्तक काढलें. पुस्तकांतलीं गमतीचीं चित्रें दहा वर्षांच्या भाच्यानें काढलेलीं, आणि भाषा मैत्रिणीशीं बोलल्यासारखी. यापुढें पावाचा तुकडा म्हणूं नका, शंभर उष्मांक पाव म्हणा, असा त्यांचा आग्रह. ज्या कोष्टकानें मजुराला पुरेसें खावयास शिकवावयाचें, तेंच कोष्टक त्यांनीं उलटें धरलें, आणि कमी कसें खावें तें त्यांतून वाचून दाखविलें. महायुद्ध चालू होतें. अन्न वांचविणें हें देशकार्य. बायकांनीं एकत्र जमून वजनें करावींत आणि त्या मंडळाला जर्मनीच्या कैसरविरुद्ध उघडलेली आघाडी मानावें, अशीही त्यांची सूचना होती! पुस्तकाच्या वीस लाखांच्या घरांत प्रती खपल्या. १९३० सालीं परिषदेसाठीं लंडनला जात असतां न्यूमोनियानें त्यांचा अंत झाला.

उष्मांक मोजण्याची पद्धति तर्काला बिनतोड आहे, आणि माणसाला असह्य आहे. दिवसांतून पंधरा-वीस वेळां तीन आंकडी संख्या मिळवावयाच्या, वस्तू तोलावयाच्या, कोष्टक उघडावयाचें. आणि हें सर्व एकटीनें, कोणाला न सांगतां. हा एकटेपणाच पद्धतीच्या मुळावर येई, हें ज्यांनीं ओळखलें त्या जीन नायडिच या डॉक्टर नव्हत्या, शास्त्रज्ञ नव्हत्या. ब्रुकलिनमध्यें एका टॅक्सीचालकाच्या घरीं १९२३ सालीं त्यांचा जन्म झाला; यजमान बसचालक; दोन मुलें; न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत बिऱ्हाड. १९६१ सालच्या सप्टेंबरांत एके दिवशीं दुकानांत सामान घेत असतां ओळखीची एक बाई भेटली. अगदीं छान दिसतां हो, म्हणाली. आणि मग, दिवस कधीं भरतात, म्हणून विचारती झाली. नायडिचबाई गरोदर नव्हत्या. त्यांचें वजन २१४ पौंड होतें.

श्रोतेहो, अशा प्रश्नाला उत्तर नसतें. विचारणारीच्या मनांत काडीचाही दुष्टावा नसतो. म्हणून रागावतांही येत नाहीं. नायडिचबाई घरीं गेल्या आणि त्यांनीं शहराच्या आरोग्यखात्याच्या स्थूलताविषयक दवाखान्यांत नांव घातलें. तेथें डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनीं आंखलेला आहार मिळे: मासे आठवड्यांतून पांच वेळां, काळीज एकदां, पाव दिवसाला दोनच तुकडे, साय काढलेलें दूध दोन पेले, आणि मिठाई वर्ज्य. वजन उतरूं लागलें. पण चॉकलेटचीं बिस्किटें खाण्याची त्यांची खोड सुटेना. तीं त्या न्हाणीघरांत, धुवावयाच्या कपड्यांच्या टोपलींत दडवून ठेवीत आणि रात्रीं खात. दवाखान्यांतल्या बाईंपुढें हें कबूल करावयाचा धीर होईना. तेव्हां त्यांनीं सहा मैत्रिणींना घरीं बोलाविलें. त्याही अंगानें तशाच. बिस्किटांची गोष्ट सांगून टाकतांच प्रत्येकीनें आपापली टोपली उघडी केली! पुढच्या आठवड्यांत त्या पुन्हां जमल्या, बरोबर आणखी मैत्रिणी घेऊन. दोन महिन्यांत चाळिसांच्या आसपास बायका येऊं लागल्या. १९६२ सालच्या ऑक्टोबरअखेर नायडिचबाईंचें वजन १४२ पौंडांवर आलें.

यांत अगदीं नवें असें कांहीं नव्हतें. विस्कॉन्सिन संस्थानांतील मिलवॉकी येथें १९४८ सालीं एस्थर मँझ या बाईंनीं अशाच बैठकी सुरू केल्या होत्या. आणि दारूच्या व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्यांचीं परस्परसाहाय्य मंडळें १९३५ पासून चालत आलीं होतीं. आपल्यालाही यांत नवल वाटूं नये. एकट्यानें धरलेला उपास दुपारपर्यंत टिकतो आणि सगळी आळी धरते तेव्हां तोच सहज पार पडतो. नायडिचबाईंचा विशेष हा कीं, अल्बर्ट लिपर्ट या व्यापारी गृहस्थाच्या सहकार्यानें त्यांनीं १९६३ सालच्या मे महिन्यांत त्या बैठकीचा रीतसर धंदा केला. 'वेट वॉचर्स' हें त्याचें नांव. लिटल नेक येथें एका सिनेमागृहावरच्या जागेंत पहिली जाहीर बैठक झाली. खुर्च्या पन्नास मांडल्या होत्या आणि माणसें चारशें आलीं. दहा वर्षांनीं वाढदिवसाचा मेळावा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें भरवावा लागला. १९७८ सालीं टोमॅटोच्या सॉसबद्दल प्रसिद्ध असलेल्या हाइन्झ कंपनीनें ती संस्था सात कोटींहून अधिक डॉलर देऊन विकत घेतली. कमी खावयास शिकविणारी संस्था खाद्यपदार्थ विकणाऱ्यानें विकत घ्यावी, यांतील विनोद कोणाच्या लक्षांत आला नसेल असें मला वाटत नाहीं.

या संस्थेंत आरंभीं गुण नव्हते. उष्मांक तर मोजूंच नका, असा तेथला उपदेश. होता तो नियम आणि वर्ज्य पदार्थांची यादी, बँटिंगसारखीच. मधली पायरी आली मधुमेहाच्या रोग्यांकडून. १९५० सालीं अमेरिकेंतील आहारतज्ज्ञांच्या व मधुमेहविषयक संस्थांनीं सरकारच्या आरोग्यखात्याबरोबर अदलाबदलीच्या याद्या तयार केल्या: दूध, भाज्या, फळें, पाव, मांस, स्निग्ध पदार्थ असे सहा वर्ग, आणि एका वर्गांतल्या एका वस्तूच्या जागीं त्याच वर्गांतली दुसरी ठराविक मापानें घ्यावयाची मुभा. पावाच्या तुकड्याबद्दल अमुक इतका भात चालेल. पण पावाबद्दल मांस चालणार नाहीं; वर्गाची भिंत ओलांडतां येत नसे. वेट वॉचर्सनें पुढें अशाच अदलाबदलीचा अवलंब केला.

अमेरिकेंत ती भिंत १९९७ सालीं पडली, आणि ती पडण्याचा प्रसंगही पाहण्यासारखा आहे. त्याच्या आगेमागें तेथें भूक मारणाऱ्या कांहीं गोळ्यांचें बंड माजलें होतें; गोळी घेऊन काम भागत असतां बैठकीला कोण येतो? संस्थेची हजेरी रोडावली. पुढें त्या गोळ्यांनीं हृदयाच्या झडपा बिघडतात असें आढळून येऊन सप्टेंबर १९९७ मध्यें त्या बाजारांतून काढून घ्याव्या लागल्या. त्याच वर्षीं वेट वॉचर्सनें तेथें गुणांची पद्धति आणली. यापुढें वर्ज्य असें कांहींच नाहीं. सर्व कांहीं खा, मात्र भाव मोजा.

हा भाव काढण्याची रीत अशी. वस्तूच्या उष्मांकांना ५० नें भागावें. तींतील स्निग्धांशाच्या ग्रॅमांना १२ नें भागून तो भागाकार त्यांत मिळवावा. मग चोथ्याचे ग्रॅम घ्यावे, पण चारांच्या वर धरूं नयेत. त्यांना ५ नें भागून येईल तें वजा करावें. समजा, एका पदार्थांत २०० उष्मांक आहेत, स्निग्धांश १२ ग्रॅम आणि चोथा मुळींच नाहीं. चार आणि एक मिळून पांच गुण झाले. दुसऱ्या पदार्थांतही उष्मांक २०० च, पण स्निग्धांश नाहीं आणि चोथा चार ग्रॅम. तर चारांतून दशांश आठ वजा जाऊन राहिले तीन गुण आणि थोडासा अंश, तो सोडून द्यावयाचा. ज्यांना भागाकार नकोसा वाटे त्यांच्यासाठीं पुठ्ठ्याची एक सरकती पट्टी मिळे. ती मागेंपुढें केली कीं गुण दिसत. ज्याचें वजन अधिक त्याला दिवसाचे गुण अधिक, कारण मोठ्या शरीराला जागच्या जागीं राहावयासही अधिक सर्पण लागतें. पुढें सणासमारंभासाठीं आठवड्याचे ३५ वरकड गुण देण्याची रीत पडली, आणि चालण्या-पोहण्याबद्दलही गुण मिळूं लागले.

या सूत्रांतली खुबी लक्षांत घ्यावी. स्निग्ध पदार्थाच्या ग्रॅमाला ॲटवॉटरनें आधींच नऊ उष्मांक दिलेले. म्हणजे तो एकदां उष्मांकांत मोजला गेलाच होता. त्याच्यावर येथें पुन्हां कर बसला. हें रसायनशास्त्र नव्हे. तूप-लोण्याची जी भीति त्या दशकांत अमेरिकेंत पसरली होती, ती या बारांच्या भाजकांत येऊन बसली आहे. गुण दिसावयास पूर्णांक, निर्विकार. पण त्यांत एक मत दडलेलें असतें.

मत बदललें तसे गुणही बदलले. जुन्या हिशेबानें केळ्याला दोन गुण पडत, आणि शंभर उष्मांकांच्या बिस्किटांच्या पुड्यालाही दोन. सभासद अर्थातच पुडा उचलीत. २०१० सालीं नवें सूत्र आलें. प्रथिनें पचवितांना शरीराची बरीच शक्ति खर्च होते, म्हणून त्यांना सवलत मिळाली. आणि ताज्या फळांना गुण शून्य! ज्या संत्र्याला ॲटवॉटरच्या कोष्टकानें उधळपट्टी ठरविलें होतें, तें एका शतकानें फुकट वांटलें जाऊं लागलें. पोटांत उष्मांक थोडे जातात, हा एके काळीं त्याचा दोष होता; आतां तोच त्याचा गुण. २०१५ च्या अखेरीस साखर आणि विशिष्ट प्रकारचे स्निग्धांश यांच्यावर कर चढला. २०१७ सालीं अंडीं, कातडी काढलेलें कोंबडीचें मांस, कडधान्यें असे दोनशेंहून अधिक पदार्थ शून्यांत आले. पण दुकानदार फुकट देतो तें कोठून तरी वसूल करतो. त्याच वेळीं रोजच्या गुणांची किमान मर्यादा ३० वरून २३ वर उतरविण्यांत आली. म्हणजे फुकटच्या अंड्यांचे पैसे आधींच कापून घेतले होते. त्यानंतरही दोन-तीन वेळां सूत्र फिरलें. तो तपशील सांगून मी आपला वेळ घेत नाहीं. इंग्लंडांत १९६९ साली निघालेल्या अशाच एका संस्थेनें आपल्या गुणाला जें नांव दिलें, तें उच्चारतांना इंग्रजींतल्या 'पाप' या शब्दासारखेंच ऐकूं येतें, एवढें मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

या पद्धतीनें खरोखर वजन उतरतें काय? उतरतें, थोडें. ४२३ माणसांवर दोन वर्षें केलेली एक पाहणी २००३ सालीं अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. निम्म्यांना वेट वॉचर्सच्या बैठकीला पाठविलें, निम्म्यांना थोडा सल्ला आणि पुस्तकें देऊन घरींच ठेवलें. वर्षअखेर बैठकीला जाणाऱ्यांचें वजन सरासरीनें ४.३ किलोंनीं घटलें होतें, दुसऱ्यांचें १.३ नें. दोन वर्षांअखेर मात्र बैठकवाल्यांची घट २.९ किलोंवर आली आणि दुसऱ्यांची जवळजवळ नाहींशी झाली. जाहिरातींतल्या छायाचित्रांपुढें हे तीन किलो फार केविलवाणे दिसतात. पण घरीं पुस्तक वाचीत बसलेल्यांच्या हातीं तेही लागले नाहींत, हें विसरून चालणार नाहीं. सूत्र चार-पांच वेळां बदललें. आठवड्याच्या आठवड्याला दुसऱ्याच्या देखत कांट्यावर चढणें मात्र पहिल्या दिवसापासून तसेंच राहिलें. माझें स्वतःचें मत असें कीं, गुणांपेक्षां ती टोपली उघडी करण्याची सोय अधिक उपयोगी पडली असावी. नायडिचबाई २०१५ सालीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं निवर्तल्या.

त्यानंतरची हकीकत ताजी आहे. भूक शमविणारीं नवीं औषधें, टोंचून घ्यावयाचीं, २०२१ पासून अमेरिकेंत वजनासाठीं झपाट्यानें पसरलीं. १९९७ च्या गोळ्यांनीं जें केलें तेंच यांनीं केलें: बैठकी ओस पडूं लागल्या. या खेपेस संस्थेनें वाट पाहिली नाहीं. २०२३ सालीं अशीं औषधें लिहून देणारी एक मंडळीच तिनें दहा कोटींहून अधिक डॉलर मोजून विकत घेतली. तरीही कर्जाचा डोंगर पेलेना. २०२५ सालच्या मे महिन्यांत तिनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला आणि सुमारें एकशें पंधरा कोटी डॉलरांचें कर्ज उतरवून जूनअखेर ती त्यांतून बाहेर पडली.

औषध घेणाऱ्या सभासदांसाठीं तिनें २०२३ च्या अखेरीस एक निराळी योजना काढली होती. या सभासदांना भूकच लागत नाहीं. तेव्हां गुण खर्चूं नका म्हणून त्यांना बजावण्यांत अर्थ नव्हता. म्हणून त्या योजनेंत प्रथिनें निदान इतकीं, फळें आणि भाज्या निदान इतक्या, पाणी निदान इतकें, अशा खालच्या मर्यादा आंखून दिल्या आहेत, आणि संध्याकाळीं एवढेंच विचारलें जातें कीं, आज आपल्या पोटांत पुरेसें गेलें ना?